चौथ्या गाण्यात आई

दादाच्या सलूनचं दार ढकललं आणि मी दारातच थांबले. काहीतरी चुकत होतं, आणि माझा धंदाच कानांचा असूनही काय चुकतंय ते कळायला मला वेळ लागला. टेपरेकॉर्डर आरशाखालच्या फळीवर नेहमीच्या जागी होता. झाकणाच्या काचेतून कॅसेटची दोन्ही चाकं फिरताना दिसत होती. दादा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून केस कापत होता, आणि चाळीस वर्षं कापत आलाय तसेच कापत होता, म्हणजे उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत, मान जराशी कलती करून, कात्री दोनदा हवेत आणि तिसऱ्यांदा केसांत. ओठ हलत होते. बाकावर तीन माणसं बसली होती आणि तिघंही जमिनीकडे बघत होती. गाणं वाजतच नव्हतं. कात्रीचा आणि टाचेचा आवाज सोडला तर त्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि दादा गाण्यात पार बुडालेला होता.

बाकावर शेजारच्या गाळ्यातला बेकरीवाला होता. मला बघून तो सरकला. "सकाळपासून असंच चाललंय," तो म्हणाला. आवाज खाली आणायची काही गरज नव्हती, तरी त्याने आणला. "आधी वाटलं, आज बंद ठेवलंय. म्हटलं बरं झालं, जरा शांतता. मग बघतो तर हा आपला डोलतोय." मी विचारलं, "मग सांगितलं का नाही कुणी?" तो म्हणाला, "कोण सांगणार? तुम्ही सांगा. तुमचा भाऊ आहे." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. मी वाकून बघितलं. भिंतीवरच्या स्पीकरची वायर टेपरेकॉर्डरच्या मागून निसटून लोंबत होती, झाडू मारताना अडकली असणार. मी ती हातात घेतली, तेवढ्यात दादाने कात्री वर उचलली आणि तशीच हवेत धरून तो थांबला. भुवई चढली. मग तो स्वतःशी हसला आणि पुन्हा कापायला लागला. तो थांबा मला पाठ आहे. पहिली बाजू, चौथं गाणं, दुसरं कडवं संपल्यानंतर. मी वायर खोचली. गाणं एकदम कडाडलं, कारण आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक जागच्या जागी उडालं, बेकरीवाल्याने कानांवर हात ठेवले. आणि ज्या शब्दावर दादाचे ओठ होते, गाणं बरोबर त्याच शब्दावर होतं. त्याची टाच एका ठोक्यानेही चुकली नाही. काही बदललंय हे त्याला कळलंसुद्धा नाही. आरशात मी दिसले तेव्हा तो म्हणाला, "अरे, डॉक्टरीणबाई! कधी आलीस? बस, हे गाणं संपू दे."

मी डॉक्टर नाही. लोकांचे कान तपासते आणि त्यांना कानाचं मशीन लावून देते. दादा मला डॉक्टरीणबाई म्हणतो ते चिडवायला, कारण लहानपणी मी बाहुलीच्या कानात पेन्सिल घालून तिला बहिरी केलं होतं असं त्याचं म्हणणं आहे. माझ्या दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे, जेमतेम एका खुर्चीची. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं, आणि सांगायचं की बारीकशी शिटी ऐकू आली की दाबा. बाहेर माझ्यासमोर एक दिवा लागतो. यातून कुठल्या पट्टीतले आवाज गेलेत ते कळतं. पण मशीन लावून दिल्यावर ते माणसाला मानवेलच असं त्यावरून कळत नाही. नवं मशीन लावलं की सगळ्यांची तक्रार एकच असते, सगळं पत्र्यासारखं वाजतंय. त्यासाठी मी एक युक्ती काढलीय. कंपनीने चाचणीला दिलेलं संगीत फार चांगलं आहे, खोल, संथ, आणि ते ऐकून आजवर एकही माणूस हसलेला मी बघितलेला नाही. मी ते वाजवत नाही. मी विचारते, तुम्ही सोळा वर्षांचे होता तेव्हा कुठलं गाणं होतं? लोक आधी लाजतात. चांगले पांढऱ्या केसांचे, नातवंडं असलेले लोक. मग हळूच नाव सांगतात, आणि वर सांगतात की तसं काही खास नाही हो ते. मी ते गाणं लावते आणि त्यांच्याकडे बघत मशीन जुळवते. जरा खाली, जरा वर. गाणं त्यांच्या डोक्यातल्या गाण्याला येऊन मिळालं की चेहऱ्यावर कळतं. मग बायकोचा आवाजही मानवतो, नळाचाही मानवतो.

आणि गाणी कुठली, तर बहुतेक त्याच दहा वर्षांतली, माझ्या आणि दादाच्या लहानपणाची. ती गाणी थोर आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. ढोल यंत्राचा, टाळ्यासुद्धा यंत्राच्या. गाणाऱ्यांना बारा महिने सर्दी. शब्द असे की कोणीही बसल्या बैठकीला चार ओळी पाडाव्यात. त्या काळात जाणकार लोक ती ऐकून नाकं मुरडायचे, आणि मुरडलेल्या नाकांचंही बरोबरच होतं. पण त्याच जाणकारांनी डोक्यावर घेतलेलं तेव्हाचं संगीत आज कुणी आपणहून लावत नाही आणि ही गाणी मात्र हटायचं नाव घेत नाहीत. दादाच्या सलूनमध्ये विशीतली पोरं येऊन बसतात, ती जन्मलीही नव्हती तेव्हाच्या गाण्यांवर पाय हलवतात. मला वाटतं, ती गाणी लक्ष मागत नव्हती म्हणून राहिली. भांडी घासताना, अभ्यास करत असल्याचं सोंग करताना, रुसून कोपऱ्यात बसलेलं असताना ती मागे चालू असायची आणि जे समोर असेल ते गुपचूप गोळा करत राहायची. आता एखादं गाणं दुकानात, लिफ्टमध्ये, कुणाच्या फोनवर वाजलं की तो सगळा ढीग अंगावर येतो. ओल्या फरशीचा वास येतो. शाळेच्या मोज्यांचं सैल झालेलं इलॅस्टिक पोटरीवर जाणवतं. मी या असल्या गाण्यांवर मनापासून प्रेम करते, आणि हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

आमच्या चौथ्या गाण्यात तर आई आहे. ही कॅसेट विकतची नाही. वरच्या मजल्यावरच्या ताईची कॅसेट मागून आणून दादाने ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. गाण्याचं ध्रुपद सोपं होतं, उद्या भेटू, उद्याच भेटू, आणि मध्ये एक शीळ. एका संध्याकाळी गाणं चालू असताना आमच्यापैकी कुणीतरी चुकून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. कुणी दाबलं यावर अजून एकमत नाही. मी म्हणते त्याने, तो म्हणतो मी. दुसरं कडवं संपतं, शिळेच्या जागी एकदम खट्ट असा आवाज होतो, खुर्ची सरकते, कुणीतरी फिसकन हसतं, आणि आतल्या खोलीतून आई ओरडते, "अरे बंद करा ते! डोकं उठलंय माझं!" पुन्हा खट्ट, आणि शिळेची शेपटी. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायची. घरी आली की तिला फक्त शांतता हवी असायची आणि घरात आम्ही होतो. दादाला त्या दिवशी वाटलं, कॅसेटचं वाटोळं झालं. ताईची कॅसेट तोवर परत गेली होती आणि ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी. मग आम्ही तशीच ऐकत राहिलो. इतकी ऐकली की आमच्या घरात ते गाणं तसंच झालं. दुसरं कडवं संपलं की दोघांनी मिळून ओरडायचं, आणि आई खरोखरच आतून ओरडायची, "अरे बंद करा ते!" आणि मग तिचं तिलाच हसू यायचं. हीच आई कपडे वाळत घालताना उद्या भेटू गुणगुणायची. विचारलं की म्हणायची, "मी? छे! ते मेलं गाणं मी कशाला म्हणेन?"

कुठे बाहेर ते गाणं अखंड ऐकलं की मला अजून दचकायला होतं. शीळ लांबच लांब चालूच राहते आणि वाटतं, अरे, हिला कुणी थांबवत कसं नाही? आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, तिच्या हातच्या दोन रजया आहेत, आवाज मात्र एवढाच. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज वाहून नेणाऱ्या बाईचा आवाज एका सर्दी झालेल्या गाण्याच्या मधोमध अडकून राहिला. दादाने सलून काढलं तेव्हा ही कॅसेट दुकानात आली ती कायमची. जुनी गिऱ्हाइकं चौथ्या गाण्याची वाटच बघायची. कात्री हवेत थांबली की बाकावरची, खुर्चीतली, साबण लावलेली, सगळी मिळून ओरडायची, "अरे बंद करा ते! डोकं उठलंय माझं!" ज्यांनी आईला कधी बघितलं नाही तेही तिच्या चालीत ओरडायचे. दादा म्हणायचा, आईचा धाक बघ किती लोकांना आहे.

दादाचे कान कधी जायला लागले ते नेमकं सांगता येत नाही. मला आधी कळायला हवं होतं, पण घरच्या माणसाचे कान कोण तपासतं! तो "काय म्हणालीस?" असं विचारायचा, ते आधी जेवताना, मग फोनवर, मग सगळीकडेच. मग तेही कमी झालं. तो मान हलवून हसायला लागला, म्हणजे समोरच्याने विनोद केला असो की सुतकाची बातमी सांगितलेली असो. सगळ्यांची टोपी उडवणारा माणूस, एकाच्या दाढीत दुसऱ्याची उणीदुणी काढणारा, आता एकटाच बोलायचा आणि उत्तरासाठी थांबायचा नाही. एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, नुसत्या कडा सारख्या करा. दादाने त्याची वर्षभर राखलेली दाढी साफ उतरवली आणि वर आरसा धरून विचारलं, कशी काय झालीय? तो माणूस पुन्हा आला नाही. त्याच्यामागून आणखी काही येईनासे झाले. दुकानातला आवाज मात्र वाढत गेला, बेकरीतल्या काचा हलेपर्यंत. आणि आता हे. त्या दिवशी बाकावर बसून मी दादाकडे बघत होते. ठोका बाहेरून येतोय की आतून, हे त्याला आता वेगळं कळत नव्हतं. तो एकटाच एका बंद खोलीत बसला होता, आणि तिथे बाकी कुणाला जागा नव्हती.

मी त्याला तपासायला नेलं ते जवळजवळ फरफटतच. आवाजबंद खोलीत तो मोठ्या ऐटीत बसला, जणू काही विमान चालवायला निघालाय. मी बारीक शिट्या सोडायला सुरुवात केली. दिवा लागला. छान, म्हटलं. मग मी शिटी सोडलीच नव्हती तरी दिवा लागला. पुन्हा लागला. दोनदा लवकर, एकदा थांबून. मी शिट्या पूर्ण बंद केल्या आणि हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिले. दिवा लागत होता, विझत होता, दोनदा लवकर, एकदा थांबून, आणि मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, कारण ते चौथं गाणं होतं. दादा काचेपलीकडे डोळे मिटून बसला होता आणि बटणावर अंगठ्याने ठेका धरत होता. दिवा मध्येच थांबला. आई ओरडत असावी. मग पुन्हा सुरू झाला. बाहेर येऊन त्याने विचारलं, "पास झालो ना?" मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "नापास. दोन्ही कानांना मशीन लागेल." तो हसला. मग हसायचा थांबला. "नको," म्हणाला.

वहिनीने मला आधीच सांगितलं होतं की तो ऐकणार नाही, आणि ऐकणार नाही हा शब्द वापरल्याबद्दल स्वतःच कपाळावर हात मारून घेतला होता. माझी वहिनी शाळेत शिकवते. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. "पण घरी आल्यावर पुन्हा वर्ग भरवायचा का गं?" ती म्हणाली. "हळू बोललं तर काय म्हणालीस, मोठ्याने बोललं तर ओरडतेस कशाला. मी आता बोलतच नाही. आमटीत मीठ जास्त झालंय का, एवढंसुद्धा विचारत नाही. गप्प जेवतो दोघं." हे सांगतानासुद्धा ती हळू बोलत होती, तिला तशी सवय लागली होती. आणि त्याच आठवड्यात दादा मला म्हणाला, "हल्ली घरात काय शांत असतं गं! तुझी वहिनी पूर्वी किती चिडायची. आता सुखात आहे." हे तो मनापासून म्हणाला, आनंदाने. त्या क्षणी मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

त्याऐवजी मी विचारलं, मशीन का नको? लोक काय म्हणतील म्हणून? तो कात्र्या पुसत होता. मग म्हणाला, "मशीनमधून सगळं पत्र्यासारखं येतं ना? तूच सांगतेस सगळ्यांना." मी म्हटलं, सुरुवातीला येतं. मग सवय होते. तो म्हणाला, "मग आई पण तशीच येणार. पत्र्यासारखी." त्याने पुढची कात्री उचलली. "आता ती बरोब्बर येते," तो म्हणाला. "पहिल्यासारखी. आतल्या खोलीतून येते, दाराला हात लावून उभी असल्यासारखी. मला ते बिघडवायचं नाही. बाकी काय ऐकायचंय मला? दाढी करा आणि किती झाले, एवढंच ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं तयार, रोज दहा जणांना देते तसं. पण ते मी दिलं नाही, कारण मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. एकदा सलून बंद होतं तेव्हा त्याला मस्का लावून मी ती कॅसेट दवाखान्यात नेली होती, म्हटलं एक प्रत करून ठेवावी. चांगले हेडफोन लावले आणि ऐकायला बसले. गाणी झिजली होती, पण होती. दुसरं कडवं संपलं, खट्ट झालं, आणि मग नुसती खरखर. मी मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. आवाज वाढवला. खुर्ची नाही, हसणं नाही. खरखरीच्या खूप खाली, अगदी माहीत असेल तरच, एक चढ होता आणि एक उतार. आई आतल्या खोलीत होती, लांब, आणि टेपरेकॉर्डरच्या त्या छोट्याशा माइकने तिला मुळातच जेमतेम पकडलेलं. ढोल आणि टाळ्या तगल्या, ती तगली नाही. रोज वाजवून वाजवून दादानेच तिला पुसून टाकलं होतं, केवळ मायेने. आणि दुकानात हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण त्या जागी सगळे ओरडायचे. मी कॅसेट गुपचूप परत नेऊन ठेवली. म्हणजे आता गंमत अशी होती की मी मशीन लावलं नाही तर दादाला बायको नाही, गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर मागून येणारी गाडी नाही, पण आई आहे. आणि लावलं तर बाकी सगळं आहे आणि आई नाही. आणि हे ठरवायचं कुणी, तर मी.

मनात एक लबाडीही येऊन गेली. कॅसेट पुन्हा आणायची, त्या जागी लाल बटण दाबायचं आणि आईचं वाक्य आपणच म्हणून टाकायचं. त्याला काय कळणार? मी आवाजबंद खोलीत बसून म्हणूनसुद्धा बघितलं. अरे बंद करा ते, डोकं उठलंय माझं. इतकं खोटं वाटलं! शाळेच्या गॅदरिंगमध्ये आईचं काम करणारी मुलगी असते ना, पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, तसं. मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी आई आणखी लांब गेली. मग मी ते सोडून दिलं. पण वहिनीचं ते हळू बोलणं माझ्या कानांतून जाईना. आई असती तर तिने काय केलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. दोघांना जोडून देणं हेच तिचं काम होतं. स्वतः ती कधीच मध्ये राहिली नव्हती.

मी मशीनचा डबा घेऊन सलूनमध्ये गेले. वहिनीलाही शाळेतून येताना तिकडे यायला सांगितलं. दादाला म्हटलं, एक दिवस लाव, माझ्यासाठी. नाही पटलं तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. तो म्हणाला, तू आणि शब्द काढणार नाहीस, हे बघायला तरी लावतो. खुर्चीत बेकरीवाला होता, गळ्याभोवती कापड, अर्धं डोकं कापून झालेलं. मी दादाच्या कानांत मशीनं बसवली, सुरू केली, आणि बाजूला झाले. आधी काहीच झालं नाही. मग त्याने पाण्याचा फवारा उचलला, दाबला आणि तो स्वतःच दचकला. पुन्हा दाबला. मग कात्री उघडली, मिटली. उघडली, मिटली. कानाजवळ नेऊन. "अगं, ही अशी वाजते?" तो म्हणाला. चाळीस वर्षं हातात असलेली कात्री. वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "वाजणार नाही तर काय! घरातली दारंही वाजतात. तुला कधी कळलं नाही ते सोड." तिच्या आता नेहमीच्या झालेल्या हळू आवाजात. दादा वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. "तू बोलतेस की," तो म्हणाला. वहिनीने पटकन पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. पण दादाने टेपरेकॉर्डरकडे हात नेला. आवाज त्याने स्वतःच कमी केला, कपाळाला आठ्या घालत. "किती मोठ्याने लावत होतो मी! काय रे, सांगायचं नाही का?" बेकरीवाला आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, आता आमचीच चूक." पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. दादा कापत होता पण टाच आपटत नव्हता. नवख्या माणसासारखा ऐकत होता. "ढोल फार पातळ आहे गं," म्हणाला. चौथं लागलं. उद्या भेटू, उद्याच भेटू. बाकावर आज तिघं होते आणि वहिनी होती, आणि दादा ऐकतोय हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे दुसरं कडवं संपलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. कात्री वर गेली. खट्ट. मग खरखर. खरखर. पुन्हा खट्ट, आणि शिळेची शेपटी.

दादा तसाच उभा राहिला, हात वर धरून. मग कात्री खाली ठेवली, टेप मागे घेतली, पुन्हा लावली. खट्ट, खरखर, खट्ट. त्याचा चेहरा मी आरशात बघत होते आणि मला तो बघवत नव्हता. शाळेच्या दारात घ्यायला कुणी आलं नाही की मुलं तशी दिसतात. "गेली," तो म्हणाला. "मशीनने घालवली. काढ हे." मी म्हटलं, "मशीनने नाही, दादा. टेप झिजलीय. कधीचीच." तो म्हणाला, "मग मला कशी येत होती? काल आली होती! काढ, मला नको. याच्याशिवाय बरं चाललं होतं माझं." आणि त्याने कानाकडे हात नेला. बोटं मशीनच्या नाजूक तारेत अडकली, तो ओढायला लागला, बोटांना सुधरेना, आणि वहिनी पुढे झाली तसा त्याने तिचा हात झटकला. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी त्या वेळी कान तपासणारी नव्हते, शहाणी नव्हते, कुणी नव्हते. मी ओरडले, "अरे बंद कर ना ते! किती छळशील आम्हाला? डोकं उठलंय माझं!"

आतल्या खोलीतून आल्यासारखा तो आवाज भिंतींना लागला. बेकरीवाल्याने कापडाखाली हात आवळले. दादाचा हात कानापाशीच थांबला होता. तो वळला नाही. आरशात माझ्याकडे, माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जसा काही मी बोलले यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. खरं म्हणजे माझाही बसत नव्हता. किती वर्षांत त्याने माझा आवाज धड ऐकला नव्हता, आणि तेवढ्या वर्षांत माझं वय वाढून माझा आवाज आईच्या आवाजाला येऊन मिळालाय याकडे मीही लक्ष दिलं नव्हतं.

"काय म्हणालीस?" तो म्हणाला.

हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून हजारदा ऐकलेत. पण या वेळी त्याने ऐकलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"परत म्हण."

"डोकं उठलंय माझं," मी म्हटलं.

"नाही, तसं नाही," दादा म्हणाला. त्याने कानावरचा हात खाली घेतला. "तशी नव्हती म्हणत ती. चिडून म्हण."

बेकरीवाला हळूच म्हणाला, "माझी एक बाजू राहिलीय हो." वहिनी त्याला म्हणाली, "गप्प बसा." मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. दादा हसला. त्याने टेप थोडी मागे घेतली, बटण दाबलं आणि कात्री उचलली. उद्या भेटू, उद्याच भेटू, सर्दी झालेला तो मनुष्य गात होता, यंत्र टाळ्या वाजवत होतं, आणि दादाची टाच जमिनीवर पडायला लागली. दुसरं कडवं संपत आलं. मी एक मोठा श्वास घेतला.